उसनं नाक

दुपारची झोप झाली की नातीला उठवायची आजीची एक रीत होती. हाका मारायच्या नाहीत, हलवायचं नाही. वाकायचं, मानेवरचे घामेजलेले केस बाजूला सारायचे आणि कानामागे नाक टेकवून एक लांब श्वास घ्यायचा. पोर गुदगुल्यांनी जागी व्हायची आणि आजीला तिचा वाटा मिळायचा. साय, झोप, थोडी धूळ, थोडा साबण असा काहीतरी तो वास असे. त्या दुपारी आजी वाकली, केस सारले, श्वास घेतला आणि काहीच आलं नाही. भिंतीला नाक लावावं तसं झालं. तिनं पुन्हा श्वास घेतला. नात जागी झाली, हसली, उठून पाणी प्यायला गेली. आजी मात्र तशीच पलंगाच्या कडेला वाकून राहिली, कुणीतरी हातातली वस्तू अलगद काढून न्यावी आणि मूठ तशीच वळलेली राहावी, तशी.

मग तिनं घरभर फिरून पाहिलं. साबणाची वडी, चहाचा डबा, बुटांचं पॉलिश, औषधाची बाटली. सगळ्या वस्तू जागच्या जागी होत्या आणि सगळ्या गप्प होत्या. मधे ताप येऊन गेला होता, नाक चोंदलं होतं. सर्दी ओसरली तशी तिनं ती विसरूनही टाकली होती. जेवण आताशा बेचव लागतं म्हणून मनातल्या मनात सुनेच्या हाताला बोल लावला होता. बिचारी सून.

आणि नाक म्हणजे आजीला काही चेहऱ्याच्या मध्यावर असतं म्हणून असलेलं नव्हतं. ऐन उमेदीची सगळी वर्षं ती कपडे धुलाईच्या दुकानात काउंटरवर बसली. गिऱ्हाईक कपडा टाकी. ही आधी खिसे तपासी, मग कॉलर उलटून नाकाशी नेई आणि मगच पावती फाडी. डाग दिसतो तसा नसतो, वास खोटं बोलत नाही, हे तिचं काउंटरवरचं शास्त्र. रंगाचा असेल तर वेगळं पाणी, वंगणाचा असेल तर वेगळं. पण नाकाला तेवढ्यावर थांबता येत नसे. या घरात आजारी माणूस आहे, हा गृहस्थ सोडलेली सिगारेट पुन्हा ओढायला लागला, ही मुलगी समुद्रावर जाऊन आली, असं सगळं कळे. मालक म्हणायचे, "बाई, नाकाला दिसलेलं सगळं पावतीवर उतरवू नका. गिऱ्हाईक पळून जाईल." एकदा एक म्हातारे गृहस्थ बायकोचा लोकरी कोट पिशवीतून घेऊन आले. धुऊन द्या म्हणाले. तिनं सवयीनं कॉलर नाकाशी नेली आणि हात थांबला. कोट मळलेला नव्हताच. त्यात फक्त एक बाई होती, पावडर लावलेली, थोडी थंडी वाजणारी. "नक्की धुवायचा?" तिनं विचारलं. गृहस्थांनी कोट तिच्या हातातून घेतला, त्याच पिशवीत घातला आणि पायऱ्या उतरून गेले. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं नवऱ्याचा सदरा धुवायला टाकलाच नाही, एक दिवस तसाच ठेवला. नवरा छापखान्यात होता. त्याच्या बोटांना शाईचा वास असे. तो वास अगदी... आजी पलंगावर बसून तो वास आठवू लागली आणि तिच्या ध्यानात आलं की शाई आठवते, बोटं आठवतात, नखांतली काळी रेघ आठवते. वास काही येत नाही. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्या दुपारी तो आणखी थोडा गेला.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडायची आणि समोर सुनेचा चेहरा दिसायचा. सून वाईट नव्हती, उलट फार जपणारी होती. आणि जपणाऱ्या माणसाला घाबरवणं सोपं असतं. बालवाडीचे सकाळचे तास सोडले तर दिवसभर घरात आजी आणि नात. शेगडी आजीच्या हातात. जिला गॅसचा वास येत नाही तिच्या हवाली चार वर्षांचं मूल कोण ठेवील? आजीनं स्वतःला सुनेच्या जागी ठेवून पाहिलं. तिनंही ठेवलं नसतं. म्हणून ती गप्प राहिली आणि लबाडी शिकली. दूध नासलंय का ते चमच्यानं चाखून बघायची. शेगडीजवळून हलायची नाही. सुनेनं नवीन अत्तराची बाटली पुढे केली तेव्हा डोळे मिटून म्हणाली, "वा, छान आहे हो." सून म्हणाली, "आई, झाकण आहे अजून." दोघी खूप हसल्या. आजी थोडी जास्तच हसली.

शिवाय नातीचं दुसरंच काहीतरी चाललेलं होतं. नात बोलत नसे. म्हणजे येत होतं तिला. पाणी, नको, दे, जा, एवढ्यावर तिचा संसार नीट चालला होता. बाकी कामं ती बोट दाखवून करून घ्यायची. कमरेवर एक हात, दुसऱ्याचं बोट फळीवरच्या डब्याकडे, आणि सगळं घर धावतंय. म्हणून तिच्या बापानं तिचं नाव मुकादम ठेवलं होतं. हे नाव आधी कौतुकाचं होतं. मग बालवाडीच्या मॅडमनी आईबापांना बोलावलं. मुलीला समजतं सगळं, म्हणाल्या, पण काल काय केलंस विचारलं तर सांगत नाही, गोष्ट सांगत नाही, दोन वाक्यं जोडत नाही. तिला दिवसभर मुलांत ठेवा. चांगलं पाळणाघर आहे, तिथं भाषेचे खेळ घेतात. तेव्हापासून ते नाव हाकेत आलं की सुनेचे ओठ आवळले जायचे.

"आई, तुमच्यात काही कमी आहे असं नाही," सून म्हणाली होती. "पण दिवसभर घरात तुम्ही दोघीच. तुम्हीही कमी बोलणाऱ्या."

"मी कमी बोलते?"

"तिच्याइतकं कमी नाही," मुलगा म्हणाला. "पण तिचं घराणं तुझंच."

सत्र संपेपर्यंत बघू, असं ठरलं. तोवर मुलानं चित्रांचे पत्ते आणले. रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की मोजेसुद्धा न काढता तो लेकीपुढे मांडी ठोकायचा. "हा कोण? सांग बरं. हा कोण?" मुकादम पत्त्याकडे बघायची, मग बापाकडे. तिच्या चेहऱ्यावर एक करुणा दाटून यायची. एवढा मोठा माणूस, आणि याला अजून हत्ती माहीत नाही. शेवटी ती उठून त्याचे मोजे काढायला लागायची. आजीला हसू यायचं. हत्ती सगळ्यांनाच माहीत होता. मॅडमना, बापाला, पोरीलाही. ज्याला उत्तर ठाऊक आहे तोच विचारतोय, तर सांगायचं कुणाला आणि कशाला? दुकानातल्या गिऱ्हाइकानं रोज येऊन स्वतःचंच नाव विचारलं असतं तर आपणही गप्पच बसलो असतो, असं तिला वाटे. पण हे बोलून दाखवायचं धाडस होत नसे. शिकलेल्या बाई सांगतायत, त्यांनी शंभर मुलं पाहिलीत. आपण एक पाहिलं, तेही घाईत.

मुकादमाचा खरा जीव एका घंगाळात होता. आजीनं ते माळ्यावरून काढून गॅलरीत ठेवलं होतं. कधी त्यात ओली रेती, कधी तांदूळ, कधी स्टार्चचं गार पाणी, कधी दुकानातून आणलेली गुंडीबटणांची पिशवी आणि मखमल, लोकर, ताग यांचे तुकडे. पोर दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालून बसायची. बोटांतून काहीतरी ओघळू द्यायची, पुन्हा भरायची. चेहरा असा, की आत मोठं काम सुरू आहे, कृपया थांबा. आजी बाजूला कपड्यांच्या घड्या करत बसायची. दोघींत बोलणं नसे आणि ते नाही हे जाणवतही नसे. सुनेला मात्र ते दिसे. "खेळते छान," ती म्हणे, "पण त्यातून बोलणं कुठं येतं?"

ते आलं ते आजीच्या नाकामुळे. रेतीत पाणी ओतल्यावर मुकादमानं वाकून वास घेतला, डोळे मोठे केले आणि मूठभर ओली रेती आजीच्या नाकाशी धरली. आजीनं इतर कुणापुढेही केलं असतं ते नाटक करायला श्वास आत ओढला, वा म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणू शकली नाही. हिच्यापुढे कशाला? ही कुणाला सांगणार आहे?

"मला वास येत नाही ग," आजी म्हणाली. "माझं नाक बिघडलंय. कसला येतोय?"

मुकादम तिच्याकडे बघत राहिली. हत्तीच्या पत्त्याकडे बघते तसं नाही. तिनं हात पुढे करून आजीच्या नाकाचा शेंडा दाबून पाहिला, एका नाकपुडीत डोकावली. मग पुन्हा रेतीचा वास घेतला, चांगला खोलवर, जबाबदारीनं.

"गार," ती म्हणाली.

"गार म्हणजे?"

तिला विचार करावा लागला. हातातली रेती गळून गेली तरी मूठ तशीच होती. "जिन्याखाली," ती म्हणाली. "जिन्याखाली मांजर बसतं. तिथला."

आणि आजीला तो वास आला असं म्हणता येणार नाही, पण जिन्याखालची ती ओलसर जागा, तिथला मोडका पाइप, अंधारात अंग चोरून बसलेलं करडं मांजर, सगळं तिच्या अंगावरून गेलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी बाहेरून आत आलं होतं.

त्यानंतर दुपारी हाच खेळ. संत्र्याची साल, पेन्सिलीचा भुसा, खोडरबर, मुठीत धरून ठेवलेलं नाणं, भिजलेली लोकर. आजी विचारायची, कारण तिला खरंच हवं असायचं. आणि पोर सांगायची, कारण आजीचं अडलेलं तिला दिसायचं. वासाला स्वतःचं नाव फारसं नसतं, हे आजीला इतकी वर्षं नाकावर जगून आता कळत होतं. रंगाला लाल म्हणून सुटता येतं. वास मात्र कुणाचा, कुठला, कधीचा, असं सांगत जावं लागतं. म्हणजे बघताबघता माणूस गोष्टीत शिरतो. मुकादम शिरली. पेन्सिलीचा भुसा बाबांच्या बॅगेसारखा. बाबांची बॅग खुर्चीवर झोपते. नाणं रक्तासारखं, गुडघा फुटला होता तेव्हाचं. लोकर भिजली की कुत्रा होते, वाळली की परत लोकर होते, पण तिला आठवतं आपण कुत्रा होतो ते. आजी घड्या घालायची विसरून जायची. एकदा तिनं पोरीला शाईची दौत उघडून दिली. मुकादमानं बराच वेळ घेतला. "हा वास उभा आहे," ती म्हणाली. "काळा कोट घालून. बोलत नाही, पण रागावलेला नाही." आजी उठून आत गेली आणि तोंडावर पाणी मारून आली. छापखान्यातला तिचा माणूस दारात असाच उभा राहायचा.

एका दुपारी शेगडीवर मंद आचेवर बटाटे ठेवले होते. दाराची बेल वाजली, कुणी शेजारी किल्ली ठेवायला आलं होतं. आजी बाहेरच्या खोलीत गेली, दोन शब्द बोलली, आणि परत येताना वाटेत वाळलेले कपडे दिसले म्हणून घड्या घालायला बसली. शेगडीजवळून हलायचं नाही हा स्वतःचाच नियम त्या दिवशी तिच्याकडून सुटला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. मुकादम गॅलरीतून आली आणि तिनं आजीची बाही धरली.

"ते आलंय," ती म्हणाली.

"कोण ग?"

"त्याला तोंड नाही. आत आहे. कुजक्या कांद्यासारखं." तिनं नाकावर हात ठेवला. "नाकात ओरडतंय."

आजीला आधी ती उपमा आवडली. तेवढा एक क्षण ती हसली आणि मग तिला शेगडी आठवली. ती आत धावली. भांड्याखाली ज्योत नव्हती, बारीक सुसू आवाज होता. तिनं बटण बंद केलं, होत्या नव्हत्या खिडक्या उघडल्या, पोरीला काखेत मारलं आणि जिन्यात येऊन पायरीवर बसली. तिचे गुडघे थडथडत होते. मुकादमानं त्यांवर हात ठेवून पाहिला आणि तो हलतोय हे बघून दुसराही ठेवला.

बरंच बसल्यावर परत जायचं झालं, आणि दाराशी आजी थांबली. आतली हवा स्वच्छ झाली का हे तिला कळायला मार्गच नव्हता. तिनं दार फटीएवढं उघडलं. "गेलं का ग?" तिनं विचारलं.

पोरीनं फटीला नाक लावलं. "आहे अजून. पण आता मान खाली घालून बसलंय."

त्या पुन्हा पायरीवर जाऊन बसल्या. आणि तिथं, थंड पायरीवर, आजीला स्वतःचं सगळं उघडं दिसलं. हा खेळ नव्हता. ती मुलाच्या पोरीला पुढे करून घराची हवा पारखत होती. एवढ्याशा जिवाच्या नाकावर सगळं घर टांगलेलं होतं, आणि का, तर आजीला दुपारी एकटं बसायचं नव्हतं म्हणून. आज संध्याकाळीच सांगून टाकायचं, तिनं ठरवलं. काय सांगायचं तेही मनात जुळवलं. "गेलं," शेवटी फटीतून नाक काढत मुकादम म्हणाली. त्या घरात गेल्या, आणि आजीनं शेगडी पेटवली नाही. बटाटे अर्धकच्चेच राहिले.

सून आली ती चपला काढायच्या आधीच बोलायला लागली. वाटेत बालवाडीच्या मॅडम भेटल्या होत्या. आज वर्गात मुलीनं खडू नाकाला लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, याचा वास तहानलेला आहे. मॅडमनी दोनदा विचारून घेतलं. आधीही दोनचारदा काही काही बोलली होती म्हणे. "आई, तुम्ही काय करता हो दिवसभर तिच्याशी?" सुनेचे डोळे भरून आले होते. "मॅडम म्हणाल्या, जे चाललंय ते तसंच चालू द्या. पाळणाघराचं आपण राहू दे म्हणून कळवते उद्या."

आजीनं तोंड उघडलं. दुपारी जुळवलेलं वाक्य तिथंच होतं, जिभेच्या मुळाशी, पण आता त्याच्यावर हे एवढं मोठं सुख येऊन बसलं होतं. उद्या सांगू. रविवारी, मुलगा घरी असताना सांगू. आता शेगडीजवळून हलायचंच नाही, मग सांगायची गरज तरी काय? नातीला बोलतं करणारी बाई स्वतः मुकादम होऊन उभी राहिली.

"आई," मुकादम म्हणाली. ती आईच्या पुढ्यात येऊन उभी होती, दोन्ही हात मागे बांधून. "एक ते होतं. त्याला तोंड नव्हतं."

सून खाली बसली. खांद्यावरची पिशवी तशीच. तिनं श्वास रोखल्याचं आजीला दिसलं. लेक तिच्याकडे आपणहून येऊन, कुणी काही न विचारता, काहीतरी सांगायला लागली होती.

"ते स्वयंपाकघरात आलं. कांदा कुजतो ना, तसं. आजी कपडे घालत होती. घड्या. ते ओरडत होतं. पण आजीला नाही आलं."

"आजीला नाही आलं?" सून हसतच होती. अजून ती गोष्ट ऐकत होती.

"आजीचं नाक बिघडलंय," मुकादम म्हणाली. मग ती आजीकडे वळली आणि थांबली. पुढचं कुठून धरायचं ते तिच्या हातून सुटलं होतं; ओठ हलत होते, मागचे हात पुढे येऊन हवेत काहीतरी चाचपत होते, रेतीत चाचपावं तसे.

सुनेचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं. आजीला ती जागा स्पष्ट दिसली. चल, हात धू, दूध घे, एवढं म्हटलं की झालं. पोरांच्या गोष्टी अशा अर्ध्यावर रोज सुटतात. उद्या पाळणाघर नको म्हणून निरोप जाईल. दुपार, घंगाळ, पोरीचं ते जबाबदारीनं श्वास घेणं, सगळं राहील. आणि ही एक गोष्ट, हिची पहिली, इथं हवेत लोंबकळत राहील.

"मग?" आजी म्हणाली.

हात सापडल्यासारखे खाली आले. "मग मी सांगितलं. मग आजीनं शेगडी बंद केली, मग आम्ही जिन्यात बसलो. आजीचे पाय घाबरले होते. मी धरले. मग आजी म्हणाली गेलं का, मी बघितलं, नव्हतं गेलं. मान खाली घालून बसलं होतं. मग परत बघितलं. मग गेलं." तिनं एकदा दोघींकडे पाहिलं. "संपलं."

सुनेनं लेकीला जवळ ओढून घट्ट धरलं होतं आणि तिच्या डोक्यावरून आजीकडे बघत होती. त्या नजरेत काय काय होतं ते वेगळं काढता आलं नसतं.

"खरं आहे, आई?"

"शब्दन् शब्द."

"कधीपासून?"

"ताप आला होता तेव्हापासून. सांगणार होते ग." आजीला आपला आवाज लहान झालेला ऐकू आला. "तुला सांगितलं की ही जाणार, म्हणून."

"आणि तुम्हालाच काही झालं असतं तर?" सुनेचा आवाज चिरकला. तिनं डोळे पुसले. "उद्या डॉक्टरांकडे जायचं. मी रजा घेते. आणि पाळणाघर... आई, दुपारचं तरी ठेवावंच लागेल. मला दुसरं काही सुचत नाही."

"बरोबर आहे तुझं," आजी म्हणाली. तिला वाटलं होतं तेवढं ते दुखलं नाही. किंवा दुखणं नंतर येणार होतं, दुपारच्या वेळी.

मुकादम आईच्या मिठीतून सुटून उभी राहिली होती. तिचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. कपाळाला आठी घालून ती स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होती.

"वारा राहिला," ती म्हणाली.

"काय राहिलं?"

"वाऱ्यानं आग घालवली. ते आधी होतं. मी सांगितलंच नाही." तिला फार वाईट वाटलेलं दिसलं. मग तिनं ते मनाशी सोडवलं. "बाबांना सांगताना वारा आधी घेईन."

आजीनं विचार केला. खरंच होतं, वारा आधी यायला हवा होता. त्याच्याशिवाय ते आलं कुठून हे ऐकणाऱ्याला कळत नाही. "घे," ती म्हणाली. "चांगलं होईल."

खाली फाटक वाजलं आणि जिन्यात ओळखीची पावलं चढू लागली. मुकादमानं आजीला हाताला धरून खुर्चीत बसवलं, आईला बाजूला सरकवलं, आणि बापासाठी समोरची जागा रिकामी केली.

"तू इथून उठायचं नाही," तिनं आजीला सांगितलं. "मी थांबले की 'मग?' म्हणायचं."